स्केल मॉडेल, स्केल्ड मॉडेल की स्केल्ड-डाउन मॉडेल?

घोडबंदर रस्त्यावरील एका गृहप्रकल्पाच्या विक्री कार्यालयात, काचेच्या पेटीत ठेवलेल्या तीस मजली मनोऱ्याच्या प्रतिकृतीखाली ‘स्केल्ड मॉडेल, हंड्रेड टाइम्स स्मॉलर’ अशी पाटी मी मध्यंतरी वाचली, आणि त्याच आठवड्यात नेरूळला वास्तुकला शिकणाऱ्या भाचीच्या इंग्रजी अहवालातही ‘स्केल्ड मॉडेल’ हीच शब्दजोडी आढळली. मराठीत ‘प्रमाणबद्ध प्रतिकृती’ एवढे म्हटले की काम भागते. इंग्रजीत मात्र तीन पर्याय समोर येतात आणि त्यांचे अर्थ एक नाहीत.

मूळ वस्तूशी ठरलेले गुणोत्तर राखून केलेल्या प्रतिकृतीला रूढ शब्द ‘स्केल मॉडेल’ हाच आहे. ‘रेल्वे स्टेशन’मध्ये जसे एक नाम दुसऱ्याचे विशेषण होते, तसेच येथे ‘स्केल’ होते, त्यामुळे त्याला भूतकाळी प्रत्यय लावण्याची गरज नाही. इमारत, जहाज, विमान, आगगाडी यांपैकी कशाचीही प्रतिकृती असली तरी हाच शब्द निर्धास्तपणे वापरावा.

‘स्केल्ड मॉडेल’ला चूक म्हणता येणार नाही, पण त्याचे घर निराळे आहे. अभियांत्रिकीत केवळ लांबी-रुंदीच नव्हे, तर वेग, काळ, बल यांनाही समरूपतेच्या नियमानुसार गुणोत्तर लावलेले असते, तेथे तो शोभतो. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात धरणे-बंदरांच्या अशा प्रतिकृतींवर पाणी खेळवून अभ्यास होतो. लाटांच्या अभ्यासात फ्राउडच्या नियमाने (काळाचे गुणोत्तर म्हणजे लांबीच्या गुणोत्तराचे वर्गमूळ) 1:25 प्रमाणाच्या प्रतिकृतीतला काळ पाचपट वेगाने धावतो, म्हणजे खऱ्या समुद्रातला एक तास तेथे बारा मिनिटांत उरकतो. भाचीच्या पुठ्ठ्याच्या इमारतीत असे काहीच घडत नव्हते. (मासळी बाजारात ‘स्केल्ड’ म्हणजे खवले काढलेला मासा, हेही जाता जाता लक्षात ठेवावे.)

‘स्केल्ड-डाउन’ हा शब्द आकार कमी केल्याचे सांगतो, गुणोत्तर काटेकोर पाळल्याची हमी देत नाही. शिवाय खर्च किंवा व्याप्ती छाटलेल्या योजनेलाही तोच शब्द लावतात, त्यामुळे गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकात तो लिहिला तर मनोऱ्याचे काही मजलेच रद्द झाले की काय, अशी शंका ग्राहकाच्या मनात येऊ शकते. ‘प्रमाणबद्ध’चे शब्दशः भाषांतर करून ‘प्रपोर्शनेट मॉडेल’ लिहिणे तर टाळावेच.

‘हंड्रेड टाइम्स स्मॉलर’ला माझा आक्षेप अधिक आहे. मजल्याला तीन मीटर धरले तर नव्वद मीटरचा तो मनोरा 1:100 प्रमाणात नव्वद सेंटिमीटर उंच होतो. पण त्याचे पृष्ठफळ मूळच्या एक दहा-हजारांश आणि घनफळ एक दशलक्षांश उरते, तेव्हा शंभरपटीने लहान नेमके काय झाले, ते वाचकाने कसे ओळखावे? ‘अ वन-टू-वन-हंड्रेड स्केल मॉडेल’ असे सरळ लिहावे. वाक्यात प्रमाण सांगायचे असल्यास ‘ॲट अ स्केल ऑफ’ किंवा ‘टू अ स्केल ऑफ’ घ्यावे. ‘ऑन अ स्केल ऑफ’ वाचले की एक ते दहापैकी गुण देण्याची आठवण होते.

‘प्रोटोटाइप’बाबत मात्र विषय पाहून निर्णय घ्यावा लागतो. उत्पादनाच्या आरेखनात तो पहिला चाचणी नमुना असतो, तर जल-अभियांत्रिकीत प्रतिकृतीला नव्हे, प्रत्यक्षातल्या पूर्णाकार धरणालाच प्रोटोटाइप म्हणतात. भाचीच्या अहवालातली ‘प्रोटोटाइप ऑफ द बिल्डिंग’ ही ओळ म्हणूनच मी खोडली आणि तिच्या जागी प्रमाणाच्या आकड्यासह ‘स्केल मॉडेल’ लिहिले.