एका केबलवर तीन नेटवर्क: व्हीलॅन ट्रंक वापरून आठ महिने

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचं दोन मजल्यांचं युनिट आहे. तळमजल्यावर एक आणि वर एक, असे दोन मॅनेज्ड स्विच (सेटिंग बदलता येणाऱ्या, नेटवर्कच्या केबल जोडायच्या पेट्या), दोघांच्या कंपन्या वेगळ्या. मधल्या पाइपातून एकच केबल जाते, दुसरी ओढायला जागाच नाही. ऑफिस आणि कॅमेरे वेगळे ठेवायचे होते, म्हणून ट्रंक केला, म्हणजे एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन (त्याच स्विचवर आखलेली वेगळी आभासी नेटवर्क) नेले: ऑफिसला व्हीलॅन १० आणि कॅमेऱ्यांना २०.

कॅमेऱ्याची फ्रेम (नेटवर्कवरून जाणारं डेटाचं पाकीट) ट्रंकवर सोडताना स्विच तिच्यात, पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्यानंतर (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) लगेच, ४ बाइटचा टॅग घालतो. त्यात व्हीलॅनचा १२ बिटांचा नंबर असतो, म्हणून १ ते ४०९४ पर्यंत नंबर वापरता येतात. पलीकडचा स्विच टॅग वाचून काढून टाकतो आणि फ्रेम २० च्याच पोर्टवर सोडतो. कॅमेऱ्याला यातलं काही माहीत नसतं. या टॅगचं ८०२.१क्यू हे मानक दोन्ही कंपन्या पाळतात, त्यामुळे तिथे कधी अडलं नाही. १६ कॅमेरे, प्रत्येकी साधारण ४ एमबीपीएस, म्हणजे ६४. गिगाबिट केबलला ते काहीच नाही.

त्रास झाला तो दोन टोकं जुळली नाहीत तेव्हा. दुसऱ्या महिन्यात खालची केबल पोर्ट २४ वर हलवली. तिथे आधी कॅमेरा होता आणि अनटॅग्ड २०, म्हणजे बिनटॅगची फ्रेम २० ची समजायची सेटिंग, तशीच राहिली होती. वरचा स्विच १० ची फ्रेम बिनटॅगची पाठवत होता. ती खाली आली की २० मध्ये पडायची! वरच्या संगणकांना कॅमेऱ्यांच्या रेंजचे आयपी मिळू लागले, वरचे कॅमेरे बंद. दोन्ही स्विचवर दिवे हिरवे, त्यामुळे शोधायला दुपार गेली. आता ट्रंकवर सगळं टॅग करूनच जातं आणि नेटिव्ह (बिनटॅगच्या फ्रेमसाठीचा व्हीलॅन) म्हणून दोन्हीकडे न वापरलेला ९९९ ठेवलाय.

चौथ्या महिन्यात पाहुण्यांच्या वायफायसाठी व्हीलॅन ३० वाढवला. वर वायफाय जोडलं जायचं, पण आयपी मिळेना. मी ॲक्सेस पॉइंटच (वायफाय देणारी पेटी) बदलायला निघालो होतो. वरच्या स्विचवर ट्रंकमधून जाऊ द्यायच्या व्हीलॅनच्या यादीत ३० टाकायचाच राहिला होता.

जुलैत वीज गेली आणि सेव्ह न केलेली सेटिंग उडाली. ती चूक माझीच.

स्विच घेणाऱ्यांनी एक बघा: काही कंपन्यांच्या मेनूत ‘ट्रंक’ म्हणजे अनेक केबल एकत्र बांधणं. तिथे आपल्या ट्रंकसाठी ‘टॅग्ड’ पोर्ट शोधा. आणि १० मधून २० कडे जायचं तर राउटर किंवा राउटिंग करणारा स्विच लागतोच. आमचा ऑफिसमधून कॅमेरे बघण्याचा नियम राउटरवरच आहे.