वसतिगृहाची गादी: लातूरच्या गंजगोलाईतील एका जुन्या दुकानाचा अनुभव

मुलीचा पुण्यातील अभियांत्रिकीचा प्रवेश नक्की झाला, त्याच संध्याकाळी आमच्या घरी सामानाची यादी सुरू झाली आणि तिच्या पहिल्याच ओळीवर गादी आली. वसतिगृहात खाट, टेबल आणि कपाट मिळते, गादी-उशी मात्र आपली आपण न्यावी लागते, हे बहुतेक पालकांना प्रवेशासोबतच्या सूचना वाचतानाच कळते. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांचा निकाल लागून प्रत्यक्ष हजर होण्यापर्यंत हाती जे थोडे दिवस उरतात, ते दाखले, झेरॉक्स आणि शुल्क यांतच संपून जातात. अशा घाईत आम्ही गंजगोलाईतील ज्या गादीच्या दुकानात गेलो, त्याचा अनुभव पुढच्या वर्षी मुलांना बाहेरगावी पाठवणाऱ्या पालकांच्या उपयोगी पडेल, असे वाटल्याने हे सविस्तर लिहीत आहे.

गोलाई ही लातूरची जुनी बाजारपेठ. १९१७ मध्ये तिची आखणी झाली, मधोमध अंबाबाईचे मंदिर आहे आणि तेथून सोळा रस्ते फुटतात. सराफा, भांडी, मिरची, गूळ, चपला अशा ज्याच्या त्याच्या गल्ल्या आजही टिकून आहेत. त्यांपैकी एका रस्त्याच्या आत, कापडाच्या दुकानांच्या मागे हे दुकान आहे. त्याला नावाची पाटी नाही. ‘चाचांचे कापसाचे दुकान’ म्हणून विचारले की कोणीही दाखवतो. पुढे जेमतेम दहा फुटांची जागा, मागे पिंजण्याचे यंत्र आणि वर माल ठेवायला माळा, एवढाच त्याचा पसारा. अकरावी-बारावीच्या अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’चे नाव झाल्यापासून बीड, धाराशिव, नांदेड, परभणीकडची मुले त्यासाठी येथे येऊन खोल्या करून राहतात आणि त्यांच्या गाद्यांवरच या दुकानाचा जून-जुलैचा हंगाम चालतो. त्यामुळे घर सोडून निघालेले मूल आणि त्याच्या मागे उभे असलेले आईवडील ही जोडी चाचांच्या चांगलीच ओळखीची आहे.

हे दुकान मी यंदा का शोधले, ते आधी सांगायला हवे. चार वर्षांपूर्वी थोरला मुलगा छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेला, तेव्हा सगळी तयारी आम्ही दोघांनीच केली होती. त्याला अभ्यासातून उठवायचे नाही, या विचाराने मी त्याला एकाही दुकानात नेले नाही. ऑनलाइन मागवलेली फोमची जाड गादी ३६ इंच रुंदीची निघाली आणि वसतिगृहाची खाट ३० इंचांची, त्यामुळे वर्षभर ती एका बाजूने लोंबकळत राहिली. याहून वाईट म्हणजे गादी कधी उचलून पाहायची असते, तिच्याखाली ओल धरते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. उन्हाळ्यात सामान घरी आले, तेव्हा गादीची खालची बाजू काळ्या बुरशीने भरलेली होती आणि मुलाला वर्षभर सर्दी-खोकला का राहिला, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. ते पाहून मला फार वाईट वाटले. दोष त्या मुलाचा नव्हता; आम्ही त्याला वस्तू दिल्या होत्या, वापरायला शिकवले नव्हते.

म्हणून या वेळी मुलीला सोबत घेऊन गेले. तरीही दुकानात पाऊल टाकताच बोलायला सुरुवात मीच केली: आठ किलो कापूस घाला, जाड करा, पाठीला टोचायला नको. चाचांनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, “ताई, झोपायचं कुणाला? तुम्हाला का हिला?” मी मुलीकडे बोट दाखवले. “मग हिलाच सांगू द्या की.” आणि तिच्याकडे वळून म्हणाले, “बोल बेटा, कुशीवर झोपतीस का उताणी? खोली कितव्या मजल्यावर हाय?”

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. ते कळताच चाचांनी तयार असलेल्या दोन गाद्या खाली काढल्या, एक सहा किलोची आणि एक आठ किलोची, आणि मुलीला सांगितले की, दोन्ही एकेक करून माळ्याच्या जिन्याने वर ने आणि खाली आण. जिना अरुंद आणि उभा. सहा किलोची गादी तिने खांद्यावर टाकून सहज वर नेली. आठ किलोची गादी वळणावर भिंतीला अडकली, हातातून सुटली आणि तिला ती ओढत आणावी लागली. दोन किलोंच्या फरकाने एवढे अडेल असे मला वाटले नव्हते, पण कापसाची जाड गादी नुसती जड नसते, ती हातात मावतही नाही. “जी उचलता येत नाही ती उन्हात जात नाही,” एवढेच चाचा म्हणाले. मुलीने सहा किलोची गादी निवडली. मी काही बोलले नाही, पण मनातून मला ती पातळच वाटत होती.

रुंदीच्या बाबतीतही असेच झाले. प्रमाण माप म्हणून ते ३६ इंच धरतात, परंतु खाटेचे माप कळल्याशिवाय कापड फाडायचे नाही, असा त्यांचा नियम आहे. मुलीने वसतिगृहातील एका वरच्या वर्गातील मुलीचा नंबर मिळवला आणि तिला फोन करून टेप लावायला सांगितले. माप आले ७२ बाय ३२. फोन लहानसा होता, पण अनोळखी मुलीकडे स्वतःहून काही मागण्याची तिची ती पहिलीच वेळ होती आणि पुण्याला पोहोचली तेव्हा तिच्या ओळखीचे एक माणूस तेथे आधीच तयार झालेले होते.

आता मालाविषयी. माझे माहेर परभणी जिल्ह्यातील; बीटी बियाणे येण्यापूर्वी वडील नांदेडच्या संशोधन केंद्राचे नांदेड-४४ हे कपाशीचे वाण लावत असत, त्यामुळे रुई चिमटीत धरून धागा ओढून पाहण्याची सवय मला लहानपणापासून आहे. स्वस्त गाद्यांत बहुधा कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस किंवा कापडाच्या चिंध्या पिंजून केलेला करडा कापूस भरतात. त्यात रंगीत ठिपके दिसतात, धागा ओढताच तुटतो आणि सहा महिन्यांत गादीत गठ्ठे होतात. येथे हे दोन्ही आणि चांगली रुई असा तिन्ही प्रकारचा माल वेगवेगळ्या पोत्यांत उघडा ठेवलेला आहे आणि कोणत्या पोत्यात काय आहे ते न विचारता सांगितले जाते. आम्ही घेतलेली रुई पांढरी, सरकीचे तुकडे नसलेली आणि लांब धाग्याची होती. गादीत भरण्यापूर्वी ती आमच्यासमोर पिंजली. उशीसाठी सावरीचा कापूस हवा का, असेही त्यांनी विचारले, पण तो महाग पडत असल्याने आम्ही साधाच घेतला.

दर सांगायचे तर सहा किलो रुईचे १७० रुपयांप्रमाणे १,०२० रुपये, गादीपाटाचे, म्हणजे गादीच्या जाड कापडाचे, ३८० आणि मजुरी ३००, असे गादीचे १,७०० रुपये झाले. उशीचे २२० वेगळे. हा हिशेब त्यांनी कागदावर सुटा सुटा मांडून दिला, हे मला विशेष आवडले. राज्य शासनाने २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस), सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि इतर मागास (ओबीसी) प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केल्याने आमच्यासारख्या अनेक घरांत मुलीला पुण्याला पाठवण्याचे धाडस झाले, हे खरेच आहे. पण मेस, खोली, प्रवास आणि अंथरूण-पांघरूण यांचा खर्च घरालाच करावा लागतो आणि तेथे प्रत्येक हजार रुपये मोजूनच द्यावे लागतात.

शिलाई उत्तम आहे. चारही काठ दुहेरी उचललेले आहेत आणि टाके एक वीत अंतरावर आहेत. गादी घ्यायला गेलो त्या दिवशी चाचांनी मुलीला शेजारी बसवून घेतले, एक टाका मुद्दाम सैल केला, तिच्या हातात दाभण दिला आणि तो तिच्याकडून परत घालून घेतला. दाभण आरपार नेऊन दुसऱ्या बाजूने अर्ध्या इंचावर परत काढायचा, दोन्ही टोके ओढून गाठ मारायची, पण इतकी ओढायची नाही की कापड फाटेल. पहिल्या वेळी तिची गाठ सुटली, दुसऱ्या वेळी बसली. पंधरा दिवसांतून एकदा ऊन, उन्हात टाकल्यावर काठीने दोन्ही बाजूंनी झोडणे, महिन्याला पायाची बाजू डोक्याकडे करणे, आणि पुण्यात पावसाची रिपरिप लागली की सकाळी गादीची वळकटी करून खाटेची फळी उघडी ठेवणे, एवढ्या सूचना त्यांनी दिल्या. दाभण आणि दोऱ्याची गुंडी एका पुडीत बांधून दिली, तिचे पैसे घेतले नाहीत. या शिकवण्याला अर्धा तास गेला असेल आणि बाहेर दोन गिऱ्हाइके उभी होती, तरी त्यांनी घाई केली नाही.

उणिवाही आहेत आणि त्या सांगणे आवश्यक आहे. गादी गुरुवारी देण्याचे ठरले होते, ती शनिवारी दुपारी मिळाली आणि रविवारी रात्रीच्या मुंबई गाडीची आमची तिकिटे काढलेली होती. ते दोन दिवस मी फार अस्वस्थ होते आणि दोनदा चक्कर मारूनही नक्की वेळ सांगायला कोणी नव्हते. हंगामात एकच यंत्र आणि दोनच कारागीर असतील, तर वायदा दोन दिवस पुढचा करावा. पालकांना ते चालेल, पण ऐन वेळी टांगणीला लागणे चालत नाही. उशी पहिल्या दिवशी फार उंच आणि कडक झाली होती. मात्र सांगताच त्यांनी ती उसवून कापूस कमी करून दिला. तेथे मिळणारी रंगीत खोळ घेऊ नये, आमच्या खोळीचा निळा रंग पहिल्याच धुण्यात उतरला. खोळ आणि अभ्रे बाहेरून मांजरपाट किंवा जाड सुती कापड आणून शिवून घेतलेले बरे. दुकानात कापसाची धूळ सतत उडत असते. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी आत थांबू नये आणि अशा मुलांसाठी कापसाची गादी घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

वळकटीसाठी पट्ट्यांची जाड पिशवी ते १५० रुपयांत शिवून देतात. ती अवश्य घ्यावी. गाडीत आमची गादी बर्थखाली त्यामुळेच मावली.

गणपतीनंतर पुण्यात ऊन पडू लागले, तेव्हा मुलीने वसतिगृहाच्या गच्चीवरचा एक फोटो पाठवला. कठड्यावर एका रांगेत चार गाद्या टाकलेल्या होत्या, त्यांतली एकच तिची. खोलीतील आणि शेजारच्या मुलींनीही तिचे पाहून आपापल्या गाद्या वर आणल्या होत्या आणि त्यांपैकी एकीच्या गादीचा सुटलेला टाका हिने आपल्या दाभणाने घालून दिला होता. सहा किलोच्या गादीवर पाठ दुखते का, असे मी फोनवर तीन-चार वेळा विचारले असेल. दुखत नाही, असेच उत्तर दर वेळी मिळाले. दिवाळीत ती आली तेव्हा थोरल्याला तिने टाका कसा घालायचा ते दाखवले. तो आता नोकरीच्या गावी खोली करून राहतो आणि त्यानेही येथूनच गादी करून घ्यायचे ठरवले आहे.

दुकान सकाळी दहाच्या सुमारास उघडते आणि शुक्रवारी दुपारी नमाजासाठी दोन तास बंद असते. पैसे मोबाईलवरून देता येतात, पण छापील बिल मिळत नाही. निकाल लागल्यावर गर्दी वाढते, म्हणून ज्यांचे मूल बाहेर जाणार हे नक्की आहे, त्यांनी जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच मुलाला सोबत नेऊन कापूस आणि वजन ठरवावे व थोडी रक्कम आगाऊ देऊन ठेवावी. खाटेचे माप वसतिगृह मिळाल्यावर फोनने कळवले तरी चालते. ते वहीत नाव लिहून रुई बाजूला काढून ठेवतात.