सहा पंखे, साडेअकरा हजार आणि मागचा एक उलटा

घरी येऊन संगणकाला पंखे बसवून देणाऱ्या एकाने मला फसवलं. रोख गेले १३,०००. माझे स्वतःचे तीन चांगले पंखे गेले ते धरले तर १७,२००. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण तक्रार घेऊन जिथे जिथे गेलो तिथे पहिला प्रश्न हाच आला आणि उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा ‘हात्तिच्या, एवढंच?’ असा झाला.

ही मंडळी गिऱ्हाईक कसं गाठतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. रंगीत दिव्यांचे रील, खाली ‘संपूर्ण गोव्यात घरपोच’, मेसेज टाकला की लगेच ‘येस सर’, पत्ता विचारला की ‘दुकानाचं काम चालू आहे, सध्या माल म्हापशाला गोडावनात’. यात नवीन काहीच नाही. लाज याची वाटते की ज्याला टोपी घातली त्याने आपला संगणक सुटे भाग आणून स्वतः जोडलेला आहे. हसायचं असेल तर हसून घ्या. पण उजव्या मनगटाला प्लास्टर होतं, चतुर्थी आठ दिवसांवर, घरात रंगकाम नुकतंच संपलेलं आणि खरवडलेल्या भिंतीची पांढरी भुकटी केबिनेटच्या, म्हणजे संगणकाच्या पेटीच्या, आतपर्यंत गेलेली. डाव्या हाताने एकदा पंख्याचा स्क्रू आवळून बघा, मग बोला.

त्याचा हिशेब असा होता. १२० मिलिमीटरचे सहा पंखे, प्रत्येकी १,२५०, म्हणजे ७,५००. हब (सगळ्या पंख्यांच्या वायरी एकत्र जोडायची डबी) आणि रिमोट १,२००. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट बदलणं ६००. घरी येण्याचे ५००. एकूण ९,८००. त्यावर १८ टक्के जीएसटी १,७६४. झाले ११,५६४. ‘वरचे चौसष्ट राहू देत सर,’ म्हणाला. मला माणूस बरा वाटला! चौसष्ट रुपयांत मी विकला गेलो.

आता ती वेळ सांगतो जी आठवली की अजून कानशिलं तापतात.

पंख्याला दोन तोंडं असतात. एका बाजूने पाती मोकळी दिसतात, मध्ये काही आड येत नाही. दुसऱ्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या तीन-चार दांड्या असतात आणि बहुधा मधल्या स्टिकरवर व्होल्ट-अँपिअर छापलेले असतात. हवा मोकळ्या बाजूने आत ओढली जाते आणि दांड्यांच्या बाजूने बाहेर फेकली जाते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही कोरलेले असतात, एक पाती फिरण्याची दिशा दाखवतो, दुसरा हवेची. म्हणजे केबिनेटच्या मागच्या पंख्याच्या दांड्या बाहेरच्या अंगाला हव्यात. त्याने मागचा पंखा लावला आणि काचेतून मला स्टिकर स्वच्छ दिसलं. चार दांड्या, मध्ये गोल स्टिकर, केबिनेटच्या आतल्या बाजूला. मी समोर खुर्चीत बसलो होतो, दोन हातांवर. मी विचारलंसुद्धा, ‘अरे, हा मागचा आत फुंकणार ना?’

‘सर, हल्ली असंच लावतात. पॉझिटिव्ह प्रेशर.’

आणि मी गप्प बसलो. कारण पॉझिटिव्ह प्रेशर ही खरी गोष्ट आहे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली की फटींतून हवा बाहेर ढकलली जाते, आणि आत येणारी बरीचशी हवा जाळीतून गाळून येते. आपल्याकडच्या तांबड्या धुळीला हे फार उपयोगी, डिचोली-साखळीच्या बाजूला राहणाऱ्याला तर विचारूच नका. पण ‘थोडी जास्त’ म्हणजे पुढचे दोन किंवा तीन आत, मागचा एक बाहेर. सहाच्या सहा आत नव्हे! त्याने पुढचे तीन आत लावले, वरचे दोन आत, मागचाही आत. अर्धं खरं बोलणाऱ्यापुढे अर्धवट जाणकार कसा गार होतो ते मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने पाहिलं.

प्रोसेसरवर टॉवर कूलर (उभ्या पत्र्यांचा, बाजूला पंखा असलेला) असेल तर मागचा उलटा पंखा नुसता निरुपयोगी नसतो, नडतो. कूलरचा पंखा पुढची हवा पत्र्यांमधून काढून मागे ढकलतो आणि मागचा तीच गरम हवा परत त्याच्या तोंडावर मारतो. माझा प्रोसेसर रायझन ५ ५६००, तीन जुन्या पंख्यांवर व्हिडिओ रेंडर करताना ७२ अंशांवर राहायचा. सहा नव्या पंख्यांवर पाच मिनिटांत ९० गाठून तिथेच चिकटला. त्याची कमाल मर्यादाच ९० आहे, त्यामुळे त्यापुढे तो स्वतःचा वेग कमी करत जातो. पंखे दुप्पट, काम मंद.

तपासायला यंत्र लागत नाही. बाजूची काच लावून संगणक चालू करा आणि देवघरातली अगरबत्ती आणा. प्रत्येक जाळीपाशी चार बोटं अंतरावर धरा, राख आत जाऊ देऊ नका. पुढे धूर आत ओढला गेला पाहिजे, मागे आणि वर लांब ढकलला गेला पाहिजे. मी ही अगरबत्ती तिसऱ्या दिवशी लावली. पैसे देण्याआधी लावायची असते.

वायरींचं तर विचारू नका. खोक्यावर ‘पीडब्ल्यूएम ५०० ते १८०० आरपीएम’, म्हणजे ज्याचा वेग मदरबोर्ड ठरवतो असा पंखा. पंख्याचा प्लग चार भोकांचा. मीही भोकं मोजली, वायरी नाही मोजल्या. खऱ्या पीडब्ल्यूएम पंख्याला चार वायरी असतात: जमीन (ग्राउंड), १२ व्होल्ट, वेगाचा संकेत परत देणारी आणि वेग ठरवणारी. याच्या प्लगमध्ये दोनच भोकांत वायर होती, उरलेली दोन पोकळ. म्हणजे पंख्याला फक्त फिरता येतं. किती फिरतोय ते तो बोर्डाला सांगत नाही आणि बोर्डाचं ऐकतही नाही. असा पंखा मदरबोर्डला लावला की बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वेगाच्या जागी शून्य किंवा ‘एन/ए’ दिसतं. प्लग हातात घ्या, उलटा करा, प्रत्येक भोकात धातू चमकतो का बघा. दहा सेकंदांचं काम. (तीन वायरींचा पंखा खोटा नसतो, तो व्होल्टेजवर चालतो. त्याच्यासाठी बायोसमध्ये ती पिन ‘डीसी’वर ठेवावी लागते, नाहीतर बिचारा कायम पूर्ण वेगाने घोंघावत राहतो.)

हे त्याने लपवलं कसं? मदरबोर्डला काही लावलंच नाही. सगळे पंखे हबला, हब सरळ एसएमपीएसच्या (संगणकाला वीज देणाऱ्या डब्याच्या) साटा वायरीला. ‘रिमोटने कंट्रोल होतं सर.’ रिमोटने दिवे बदलायचे, बाकी काही नाही. चांगल्या हबमधून एक चार पिनांची वायर मदरबोर्डच्या पंख्याच्या पिनांवर जाते, त्यातून वेग ठरतो. ती वायर नसेल तर हब परत द्या. तीन-चार साधे पंखे असतील तर हबची गरजही नसते. मदरबोर्डच्या एका पंख्याच्या पिनांवर साधारण १ अँपिअरपर्यंत भार चालतो, पंख्याच्या स्टिकरवर ०.१५, ०.२५ असा आकडा असतो, बेरीज करा आणि थोडी जागा सोडा. दिव्यांचा भार वेगळा. दिव्यांवरून आठवलं, ५ व्होल्टचा तीन पिनांचा प्लग १२ व्होल्टच्या चार पिनांवर कधी दाबू नका, दिवे त्याच क्षणी जळतात. आणि साटाची वायर कमी पडली म्हणून मोलेक्सवरून (जुन्या, मोठ्या चार पिनांच्या प्लगवरून) साटा करणारा तो ओतीव प्लास्टिकचा स्वस्त जोड कुणी लावत असेल तर हात धरा. त्यात आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागते.

चौथ्या दिवशी फोन केला, तर म्हणाला बायोस जुना आहे. आला, पेनड्राइव्ह लावला, काहीतरी केलं, १,५०० घेतले. होय, दिले. त्या वेळी मला वाटत होतं की आधीचे साडेअकरा वाचवायचे तर हे द्यावे लागतील. जुगारी असाच विचार करतो हे मला आता कळतं.

आणि ते ६०० रुपयांचं पेस्ट. प्लास्टर निघाल्यावर कूलर उघडला तर माझी जुनी करडी पेस्ट पुसलेलीच नव्हती, तिच्यावर पांढरी थापली होती, दोशाच्या पिठासारखी. पुसायची असते आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धातू कोरडा चकचकीत होईस्तोवर, मग वाटाण्याएवढा एक ठिपका, कूलर आपल्या दाबाने पसरवतो. एएम४ बोर्डवर (माझ्या रायझनचा बोर्ड याच जातीचा) कूलर सरळ वर ओढायचा नाही, पेस्ट धरून ठेवते आणि प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. संगणक दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, मग बंद करून, वायर काढून, क्लिपा सोडून कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवा. सुटतो.

जुने तीन पंखे, पुढचे १४० मिलिमीटरचे दोन आणि मागचा १२०चा, प्रत्येकी १,४०० चे, ‘ई-कचऱ्यात टाकतो सर’ म्हणून पिशवीत भरून घेऊन गेला. माझ्याच आईने त्याला पिशवी दिली. जाताना चहा आणि नेवरीपण.

आता सरकारी वारी. पोलीस चौकीवर हवालदारांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, ‘पंखे घुंवतात, मगीर कितें जाय?’ (पंखे फिरतात, मग काय पाहिजे?) मी सांगितलं, उलटे फिरतात. खरं तर उलटे फिरत नव्हते, उलटे लावले होते, पण ते तिथे समजावण्यात अर्थ नव्हता. हा दिवाणी मामला, असं उत्तर. फसवणुकीचं कलम दाखवलं, ४२० जाऊन नव्या संहितेत ३१८ आलंय. कलमाचा आकडा बदलला, खुर्चीवरचं उत्तर तेच. सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला तर, माणूस घरी आला होता ना, पैसे तुम्ही स्वतः पाठवले ना, मग चौकीत जा. बँकेत गेलो: व्यवहार तुमच्याच पिनने झालाय. जीएसटीच्या कचेरीत गेलो: लेखी द्या. लेखी दिलं: सोबत बिलाची प्रत जोडा. जोडली: साहेब रजेवर, फाल्यां यो, म्हणजे उद्या ये. चार ‘फाल्यां’ झाल्यावर मी जायचं सोडलं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ने निदान नीट ऐकून घेतलं आणि विक्रेत्याचा पत्ता मागितला. तोच असता तर मी तुम्हाला कशाला त्रास दिला असता, बाबा!

मान्य, पत्ता मी घेतला नाही. पण बघायचं होतं ते बिलावरच होतं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि गोव्यातल्या नोंदणीचा ३० ने सुरू होतो. याचा २९ ने सुरू होत होता, म्हणजे कर्नाटक, आणि मोजला तर १४ अक्षरं. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नाव-पत्ता फुकट दिसतो. नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारताच येत नाही, त्यामुळे ते १,७६४ सरळ त्याच्या खिशात. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा आहे, पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, पण समन्स पाठवायला दार लागतं.

आता माझ्याकडे पुढे दोन आत, मागे एक बाहेर, वर मागच्या कोपऱ्यात एक बाहेर. वरचा पुढच्या बाजूला लावायचा नाही, तो नुकतीच आत आलेली गार हवा कूलरपर्यंत पोचायच्या आधीच पळवतो. बायोसमध्ये पंख्यांचा वेग ४० अंशांना ३० टक्के, ६० ला ५०, ७५ ला ८०. रेंडरला ७० अंश. केबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढलंय, मागे वीतभर जागा. पुढची जाळी दर पंधरवड्याला धुतो, पावसात पूर्ण वाळल्याशिवाय परत लावत नाही. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवतो. आणि पंख्याचे जाड स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातात, समोरासमोरचे कोपरे धरून आवळायचे, अडले की थांबायचं. त्याने सहापैकी दोन पंख्यांचे आटे मारून ठेवले होते.

त्याने मला ब्लॉक केलंय. परवा मावसभावाच्या फोनवर त्याचं स्टेटस पाहिलं. पर्वरीचं कुणाचं तरी घर, नवं कोरं केबिनेट, सहा पंखे जांभळे पेटलेले, खाली ‘हॅपी कस्टमर’. काचेतून मागच्या पंख्याच्या चारही दांड्या मोजता येत होत्या.