आईचं आभा खातं: आठ महिन्यांचा अनुभव

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं आणि आईची बारा वर्षांची फाइल गेली. साखर कधी वाढली, कुठली गोळी तिला सोसली नाही, सगळ्याचा लगदा झाला. पुढे प्रत्येक नव्या डॉक्टरांना आम्ही आठवून सांगायचो आणि दर वेळी काहीतरी राहून जायचं.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं ते त्याच वर्षी, २७ सप्टेंबरला. त्यातलं आभा खातं, म्हणजे वेगवेगळ्या रुग्णालयांतले रिपोर्ट एका जागी पाहता येणारं आरोग्य खातं, आम्ही आईसाठी मात्र आठ महिन्यांपूर्वी काढलं. आधारला तिचा जुना, बंद पडलेला नंबर होता, त्यामुळे ओटीपीसाठी आधी आधार केंद्रावर खेप झाली.

आभाचा १४ अंकी नंबर मिळाला की रिपोर्ट आपोआप येतील, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. रिपोर्ट त्या त्या रुग्णालयाकडेच राहतात. ते खात्याला जोडून घ्यायचं काम आपलं. नाव, जन्मसाल, मोबाइल जुळवून ॲप ते शोधतं, आणि एका रुग्णालयाने आईचं जन्मसालच चुकीचं घातलेलं. दोन महिने काही दिसेना. शेवटी आधार कार्ड घेऊन खिडकीवर गेलो, दुरुस्ती होईपर्यंत हललो नाही.

गावातले आमचे डॉक्टर कागदावरच लिहितात. त्यांच्या हाताला गुण आहे, त्यांना सोडणार नाही. त्यांच्या चिठ्ठीचा फोटो त्याच दिवशी चढवतो, नावात तारीख आणि कारण घालून. हे टाळलं तर महिन्याने काही सापडत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटली ती मंजुरीची सोय: रुग्णालय रिपोर्ट बघायची विनंती पाठवतं आणि काय दाखवायचं ते आपण ठरवतो. सुरुवातीला आईच्या वतीने मीच बटण दाबायचो. डोळ्यांच्या रुग्णालयाची विनंती आली तेव्हा तिने माझा हात धरला. "आजार माझा ना? मग मला विचार. माझ्या ऑपरेशनचं कार्ड डोळ्यांच्या डॉक्टरांना कशाला?" मग तिनेच फक्त तपासण्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या निवडल्या, एका महिन्यापुरत्या. दिलेली मंजुरी मधेच काढूनही घेता येते, हे कळल्यावर ती निर्धास्त झाली.

आमच्याकडे पावसात रेंज जाते, म्हणून महत्त्वाचे रिपोर्ट फोनमध्ये उतरवून ठेवतो. कागदही टाकलेले नाहीत. ते आता माळ्यावर, झाकणाच्या डब्यात.

परवा आईचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ७.४ आलं. मागचं ८.६ होतं, हे मी शोधायच्या आत आईनेच सांगितलं.