इन्व्हर्टर, यूपीएस आणि राउटरची डबी: चिपळुणातल्या एका दुकानदारणीचा हिशेब

एका बाजूला पोफळी, तिथे कोयनेची वीज तयार होते. दुसऱ्या बाजूला अंजनवेल, तिथे गॅसवरचं वीजकेंद्र. दोन्हींच्या मधे आम्ही. डोक्यावरून मोठाल्या तारा जातात आणि त्यांच्याखाली आम्ही काडेपेटी शोधत बसतो. चिपळूण-गुहागर रस्त्यावर हा विनोद इतका जुना झालाय की आता कोणी हसत नाही.

माझं बाजारपेठेत डीटीपी, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. घर मार्गताम्हाण्यात. आमचा दाखल्यांचा हंगाम आणि लाईट जाण्याचा हंगाम एकच, जून-जुलै. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अकरावीचे प्रवेश, सगळं एकदम येतं आणि त्याच दिवसांत कुठेतरी आंब्याची फांदी तारेवर पडते. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर ओटीपी यावा आणि त्याच क्षणी पडदा काळा व्हावा, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की बारा-तेरा वर्षांत चार प्रकारच्या पेट्या विकत घेऊन झाल्या. त्या कशा चालल्या, ते सांगते. मी इंजिनिअर नाही, पण पैसे माझे गेलेत.

सुरुवात झाली टेबलाखालच्या यूपीएसने. 600 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे पेटीची ताकद), कॉम्प्युटरच्या दुकानदाराने कॉम्प्युटरबरोबरच गळ्यात मारलेला. मला वाटलं 600 म्हणजे 600 वॅट. पाठीमागच्या पट्टीवर बारीक अक्षरात 360 वॅट लिहिलेलं असतं, ते कोण वाचतं? त्याच्या पोटात 12 व्होल्टची 7 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती मावतं ते) छोटी सीलबंद बॅटरी असते. बारा साते चौऱ्याऐंशी. म्हणजे जास्तीत जास्त 84 वॅट-तास, आणि माझा कॉम्प्युटर मॉनिटरसकट 95 वॅट खातो. नवा असताना तो 18 मिनिटं चालला, अडीच वर्षांनी 6 मिनिटं. ओरडायचा मात्र शेवटपर्यंत तेवढाच. तरी मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याचं काम काय, तर फाईल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायला वेळ देणं. तेवढं तो इमानाने करतो. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला काही मिलिसेकंद लागतात, कॉम्प्युटरला कळतही नाही. दोन-अडीच वर्षांनी आतली बॅटरी बदलावी लागते, हे मात्र विकताना कोणी सांगत नाही. अख्खा यूपीएस टाकून नवा घेणारे लोक पाहिलेत मी. बॅटरी नुसती बदलून मिळते, मागचे चार स्क्रू काढले की झालं.

एक चूक मी केली, तुम्ही करू नका. लेसर प्रिंटर त्या यूपीएसला जोडला. पहिल्या प्रिंटला टूंऽऽऽ करून सगळं बंद. लेसर प्रिंटर नुसता बसलेला असतो तेव्हा पाच-सहा वॅट खातो, पण शाई कागदावर भाजायला आतला रूळ तापवतो तेव्हा 900 वॅटच्या वर उडी मारतो. झेरॉक्स मशीन त्याहून खादाड. हे मला खूप नंतर, एक छोटा वॅटमीटर घेतल्यावर कळलं. प्लगमधे लावायचा, सातशे-आठशे रुपयांना मिळतो. माझ्या मते इन्व्हर्टर घ्यायला निघालेल्या माणसाने आधी हा घ्यावा आणि घरभर फिरवावा. माझ्याकडून तो आतापर्यंत निम्म्या वाडीने नेऊन आणलाय.

घराला इन्व्हर्टर आधीपासून होता, सासऱ्यांच्या वेळचा, चौकोनी लहरीचा, म्हणजे जरा ओबडधोबड वीज देणारा. त्याच्यावर पंखा लावला की माजघरात भुंगा शिरल्यासारखं घुंऽऽ व्हायचं आणि पंखा तापायचा. सासूबाई म्हणायच्या, "बंद कर गो तो, उकडलेलं परवडलं." 2022 मधे तो काढला आणि साइन वेव्हचा, म्हणजे लाईनसारखीच गुळगुळीत वीज देणारा घेतला. आवाज गेला. आज चौकोनी लहरीचा कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका, एवढंच बोलून पुढे जाते.

नव्याच्या खोक्यावरच्या नावात 1100 होतं. पट्टीवर 900 व्हीए. वायरमनदादांना विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, नाव ते नाव. पोराचं नाव राजा ठेवलं म्हणून काय राज्य मिळतं?" बरोबर 150 एएचची उंच ट्यूब्युलर बॅटरी (पाणी घालायची, ॲसिडची) घेतली, जुनी देऊन दोन्ही मिळून 21 हजार. दुकानदार म्हणाला, नऊ तास चालेल. त्याचा हिशेब असा: 12 गुणिले 150 म्हणजे 1800, तुमचा लोड 200, भागा. हा भागाकार शाळेत चालतो. बॅटरीवरचे 150 एएच हे 20 तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारे असतात. जोरात उपसलं की विहिरीसारखं, मिळतं कमी. शिवाय 12 व्होल्टचे 230 करताना इन्व्हर्टर आपला वाटा खातो. एका रविवारी मेन बंद करून मी घड्याळ लावून बसले. दोन साधे पंखे, चार 9 वॅटचे बल्ब, राउटर. 5 तास 40 मिनिटं. दुकानदाराने सांगितलेल्या तासांतून एक तृतीयांश वजा करायचे, हा माझा तेव्हापासूनचा नियम.

मग एका गोष्टीने फरक पडला आणि ती गोष्ट इन्व्हर्टर नव्हती. साधा छताचा पंखा 75 वॅट खातो. आम्ही दोन्ही पंखे बदलून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतले, 28 वॅटचे. आमचे ॲटमबर्गचे आहेत, मुंबईत आयआयटीतून बाहेर पडलेल्या पोरांनी काढलेली कंपनी. घराचा लोड 200 वरून साधारण 105 वर आला. आता तीन वर्षं झालेल्या बॅटरीवरही सबंध रात्र निघते. मोठी बॅटरी घ्यायला निघाला असाल तर आधी वर पंख्याकडे बघा.

या इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, यूपीएस मोड आणि साधा मोड. मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. साध्या मोडमधे लाईट गेली की त्याचा कॉम्प्युटर पुन्हा सुरू व्हायचा, कारण इन्व्हर्टर बॅटरीवर यायला थोडा जास्त वेळ घेतो. म्हणून त्याने बटण यूपीएस मोडवर टाकलं. झालं, कॉम्प्युटर बंद पडेना. पण संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज उतरतं, 170 पर्यंत. यूपीएस मोडमधे 180 च्या खाली आलं की इन्व्हर्टर समजतो लाईट गेली, आणि बॅटरीवर जातो. शेजारी दिवे मिणमिणतायत, आमच्याकडे लख्ख, आम्ही खूश. रात्री दहाला खरोखरच लाईट गेली तेव्हा बॅटरीत काही नव्हतं. लाईट असताना बॅटरी संपवणारं घर म्हणून आमची कीर्ती झाली. आता घर साध्या मोडवर, आणि मुलाच्या टेबलाखाली तोच जुना 600 व्हीएचा यूपीएस, नवीन बॅटरी घालून. इन्व्हर्टर जागा होईपर्यंतचा तो क्षणभर यूपीएस सांभाळतो.

ट्यूब्युलर बॅटरी मजबूत असते यात शंका नाही, पण ती घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी आहे, लक्ष लागतं. दर तीन महिन्यांनी तरंगत्या खुणा बघायच्या, लाल दिसली की डिस्टिल्ड वॉटर घालायचं. नळाचं नाही, फिल्टरचंही नाही. वरच्या टोकांना व्हॅसलीन. खोली हवेशीर हवी, कारण चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो. देवघराशेजारी कोनाड्यात ठेवून वर पडदा लावलेला मी पाहिलाय, समोर समई. आणि पाणी घालताना जुना गाऊन घाला. माझ्या सुती साडीवर थेंब उडाले होते, तेव्हा काही दिसलं नाही, धुतल्यावर निऱ्यांची चाळण निघाली.

आता दुकान. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, ते चिपळूणच्या माणसाला सांगायला नको. माझं दुकान छतापर्यंत बुडलं. झेरॉक्स, कागदाची रिमं आणि कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला इन्व्हर्टर, बॅटरी. पाणी चढताना कॉम्प्युटरचे दोन डबे उचलून वरच्या मजल्यावर नेता आले. बॅटरी नाही. पन्नास-पंचावन्न किलोचं ते धूड, दोघांनी धरलं तरी जिन्यावर वळत नाही, आत ॲसिड. सोडून दिली. चिखल उपसल्यावर ती निघाली, झाकणांच्या भोकांतून आत गढूळ पाणी. भंगारवाल्याने वजनावर घेतली.

त्यानंतर दोन वर्षं मी दुकानात फक्त यूपीएसवर काढली. मग लिथियमची पेटी घेतली, इन्व्हर्टर आणि बॅटरी एकाच डब्यात, भिंतीवर टांगायची. 38 हजार. दुकानातले सगळे म्हणाले, वहिनी वेड्या झाल्या, एवढ्यात दोन ट्यूब्युलर येतात. येतात. पण त्या टांगता येत नाहीत. ही वीसेक किलोची आहे आणि माझ्या डोक्याच्या वर आहे.

आत 12.8 व्होल्ट, 100 एएच, म्हणजे 1280 वॅट-तास. कागदावर ट्यूब्युलरपेक्षा कमी. पण ही जवळजवळ तळापर्यंत वापरता येते, ट्यूब्युलर तशी रोज खरवडली तर लवकर मरते. दोन कॉम्प्युटर, पंखा, एक ट्यूब, राउटर आणि इंक टँकचा प्रिंटर, असे 250 वॅट जोडून साडेतीन तास मिळतात. लेसर आणि झेरॉक्स यावर नाहीत. लाईट गेली की झेरॉक्स बंदची पाटी लावते, फॉर्म चालू. इंक टँकवर पंधरा-वीस वॅटमधे प्रिंट निघते, म्हणून तो प्रिंटर खास त्यासाठी घेतला.

खरा फायदा मला पहिल्या पावसाळ्यात कळला आणि तो तासांचा नव्हता. आमच्याकडे लाईट एकदा जाऊन एकदा येते असं नाही. जाते, दोन तास येते, पुन्हा जाते. रिकामी झालेली ट्यूब्युलर भरायला दहा-बारा तास लागतात, त्या दोन तासांत तिचा घसाही ओला होत नाही. लिथियमची तीन तासांत भरते. दोन तास लाईट आली तरी दुपार सुटते. कोकणात किंवा जिथे दिवसातून चार वेळा वीज जाते तिथे हा आकडा बघा, नुसता बॅकअपचा नाही. पुण्या-मुंबईत जिथे आठवड्यातून एकदा तासभर जाते, तिथे ट्यूब्युलरच घ्या, उगाच पैसे घालवू नका.

तोटा? किंमत, आणि बिघडली तर आमचे वायरमनदादा हात लावत नाहीत. आतल्या बोर्डासाठी कंपनीचा माणूस रत्नागिरीहून येतो. अजून बोलवावा लागला नाही.

शेवटची वस्तू सगळ्यात लहान. राउटरला लावायची डबी, साबणाच्या खोक्याएवढी, बाराशे-तेराशे रुपयांची. आत लिथियमचे सेल. अडॅप्टर आणि राउटरच्या मधे बसते आणि चारेक तास इंटरनेट चालू ठेवते, मधे एक क्षणही तुटत नाही. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर बघा, 12 व्होल्टचा आहे का. काही 9 व्होल्टचेही असतात, आणि डबी 12 ची लावली तर राउटर गेला. घरी इन्व्हर्टर असूनही मी ती लावलीय, कारण बॅटरी उतरली तरी मुलाची मीटिंग सुटत नाही. मोबाईलच्या टॉवरवर विसंबू नका, लांबच्या लाईटबंदीत त्याचीही बॅटरी बसते.

निसर्ग वादळात, जून 2020 ला, माझ्या माहेरी दापोली तालुक्यात यातलं काहीच उपयोगी पडलं नव्हतं. इन्व्हर्टर दुसऱ्या दिवशी संपला आणि पुढे भरायला वीजच नव्हती. आईकडे अंगणात लावायचा एक सौर कंदील होता, त्यावर मोबाईल चार्ज करायला शेजारपाजारचे रांग लावायचे.

दुकानातल्या पेटीची परीक्षा मागच्या जुलैत झाली. दुपारी नदी वाढत असल्याचं कळलं, बाजारात आवराआवर सुरू झाली. मुलाने स्टुलावर चढून दोन वायरी काढल्या, पेटी आकड्यांवरून उचलली आणि छातीशी धरून जिना चढला. मी मागून कॉम्प्युटर घेऊन. दहा मिनिटांत दुकान रिकामं. पाणी रस्त्यापर्यंत येऊन थांबलं, रात्री उतरलं. सकाळी त्यानेच परत टांगली. घाईत एक आकडा जरा वाकलाय, वायरमनदादांना सांगून ठेवलंय.