पीएचडीला काय घ्यावं: आंतरराष्ट्रीय व्यापार की मॅक्रो?

नेरूळला आमच्या सोसायटीतली एक मुलगी यंदा अर्थशास्त्रात एमए होतेय. "काका, पीएचडीला ट्रेड घेऊ की मॅक्रो?" असं परवा विचारत होती. मॅक्रो म्हणजे सगळ्या देशाच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास: वाढ, महागाई, व्याजदर. दोन्ही विषयांत राहून आलोय, म्हणून सांगतो.

नोकरीचं म्हणाल तर पारडं मॅक्रोचं जड. 2016 मध्ये रिझर्व्ह बँकेची व्याजदर ठरवणारी पतधोरण समिती आल्यापासून महागाई, रेपो दर यांवर अधिकारानं बोलणारा माणूस प्रत्येक बँकेला हवा असतो. ट्रेडवाला बहुधा विद्यापीठातच रमतो.

मी मॅक्रो सोडलं ते एकाच त्रासापायी. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण 2004-05 पायाभूत वर्षाच्या, म्हणजे त्या वर्षीच्या किमती धरून मोजलेल्या जीडीपीवर उभं होतं. जानेवारी 2015 मध्ये 2011-12ची नवी मालिका आली, आणि तिच्याशी जुळणारे मागच्या वर्षांचे सरकारी आकडे आले नोव्हेंबर 2018 मध्ये. तोवर थांबणं मला जमलं नाही, मी विषय बदलला. पुढे पाहिलं तर 2010-11ची वाढ 10.3 वरून 8.5 टक्क्यांवर आलेली. त्याच तेजीची कारणं शोधण्यात माझं दीड वर्ष गेलं होतं. आधीच वर्षाला तिमाही आकडे चार, तेही असे हलले की रात्री झोप लागत नाही.

ट्रेडमध्येही एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रत्येक प्रकाराला दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक, बदलतात. 2012, 2017, 2022 असे बदलले. पण जुना कोड नव्याला जोडणारे तक्ते मिळतात. आणि मला सगळ्यात भावलं ते हे, की प्रत्येक मालाची नोंद दोनदा होते. न्हावा शेवाहून मलेशियाला गेलेला कांदा 070310 खाली आपल्याकडे निर्यात म्हणून लागतो, तिकडे आयात म्हणून. भाडं-विमा धरण्यात फरक, वाटेत गेलेले दिवस, त्यामुळे रकमा तंतोतंत जुळत नाहीत. तरी दुसरा साक्षीदार असतो. जीडीपीला तो कुठून आणणार?

डिसेंबर 2023 मध्ये कांदा निर्यातबंदी आली, तेव्हा वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात एका अडत्याच्या गाळ्यावर उभा होतो. गोण्या छतापर्यंत, फोन सारखा वाजतोय. 4 मे 2024ला बंदी उठली. पुढे महिनावार आकडे उघडले, तर त्या गाळ्यावर पाहिलेलं सगळं त्यांत होतं.

व्याजदरांच्या चर्चेत खरोखर जीव रमत असेल तर मॅक्रो जरूर घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. तिला मात्र मी 070310चे दोन्ही देशांचे दहा वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी लावून बघायला सांगितलंय. रविवारी लॅपटॉप घेऊन येतेय.