ऑगस्टात सिमिलान दाखवणारी यॉट

दादरच्या तीन कुटुंबांनी थायलंडमधल्या फुकेतहून निघणाऱ्या सहा रात्रींच्या यॉट सहलीसाठी मुंबईतल्या एका एजंटला ५,४०,००० रुपये आगाऊ दिले. निघायला बारा दिवस उरले तेव्हा कळलं, बोट त्यांच्या नावावर नाहीच. जीव हळहळतो तो यासाठी, की खोट कार्यक्रमपत्रिकेतच दिसत होती.

सहल ऑगस्टची, आणि दुसऱ्या दिवशी सिमिलान बेटं. हे राष्ट्रीय उद्यान साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं. चौथ्या दिवशी ‘माया बेमध्ये नांगर टाकून पोहणे’. २०१८ ते २०२२ बंद ठेवलेल्या फी फी बेटांवरच्या या खाडीत बोटींना आता समोरून शिरताच येत नाही. मागच्या बाजूला उतरून चालत जावं लागतं, पोहूही देत नाहीत. फुकेत ते फी फी अंतर सुमारे ४५ किलोमीटर. शिडाची कॅटामरान (दोन सांगाड्यांची बोट) सहा-सात नॉटने, म्हणजे ताशी ११ ते १३ किलोमीटरने जाते. चार तास सहज लागतात. पत्रिकेत एक तास लिहिला होता. तो स्पीडबोटीचा वेळ! शिवाय ऑगस्टात नैऋत्य वाऱ्याने पश्चिमेचा समुद्र खवळलेला असतो. जाणता कप्तान तेव्हा फांग न्गा उपसागर, को याओ बेटं अशी आडोशाची बाजूच सुचवेल.

एजंटने दाखवलेला कागद खरा होता, पण बुकिंगचा नव्हता. यॉट कंपन्या पैसे न घेता काही दिवस बोट राखून ठेवतात, त्याला ‘ऑप्शन’ म्हणतात. मुदतीत पैसे भरले नाहीत की बोट दुसऱ्याला मोकळी. बुकिंग म्हणजे दोन्हीकडच्या सह्यांचा चार्टर करार. त्यात बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, अनामत, रद्द केल्यास परतावा, आणि डिझेल, जेवण, उद्यान शुल्क कोणी भरायचं हे हवं. करार मिळाला की बोटीच्या कंपनीला थेट ईमेल करा, पत्ता तिच्या संकेतस्थळावरून घ्या. एजंटने दिलेला नंबर त्याच्याच माणसाचा असू शकतो.

पैसे यूपीआयने, तुकड्यातुकड्यांत, एका व्यक्तीच्या बचत खात्यात गेले. ‘टीसीएस (विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा करायचा कर) वाचेल’ म्हणून. परदेशी पॅकेजवर विक्रेत्याला टीसीएस घ्यावाच लागतो, आणि विवरणपत्र भरताना तो आपल्याच करात वळता होतो. पॅन न मागणाऱ्याला पैसे देऊ नका.

संशय येताच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. या कुटुंबांना एजंटने ‘सोमवारी परतावा’ सांगत तीन आठवडे थांबवलं. तोवर खातं रिकामं झालं होतं.